कोंबडी, कप्पी आणि चिखलोली

आमच्या चिखलोलीत भांडायला विषय लागत नाही, फक्त दोन माणसं लागतात. आणि एखादा कमी पडलाच तर दुसरा एकटा वेळ निभावून नेतो. पाणी, पार्किंग, गणपतीची वर्गणी ही आमची रोजची डाळ-भाजी. सणासुदीचं पक्वान्न म्हणजे रेल्वे स्टेशन. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांमधल्या सात-आठ किलोमीटरांत आम्ही राहतो. वर्षानुवर्षं गाडी आमच्या डोळ्यांदेखत धडधडत गेली आणि आम्ही तिच्याकडे, सासरी निघालेल्या मुलीकडे बघावं तसे बघत राहिलो. इथे स्टेशन हवं ही मागणी जुनी. पुढे ते कल्याण-बदलापूरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या कामात आलं, मंजूर झालं, आणि ‘नक्की कधी?’ या प्रश्नावर आमच्या इमारतीत ग्वाल्हेर, जयपूर आणि किराणा अशी तीन घराणी निर्माण झाली.

अशा या मुरलेल्या वस्तीत अलीकडे एक नवा विषय शिरला आणि त्याने पाणी-पार्किंगलाही मागे टाकलं. हा विषय म्हणजे एक व्हिडिओ गेम. नाव ‘रिटर्न टू मंकी आयलंड’. माझी आठवीतली नात तो लॅपटॉपवर खेळते. आमची सौ. शेजारी बसून बघते. मी दोघींच्या मागे उभा राहून सल्ले देतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना अख्खी इमारत ‘सर’ म्हणते, ते चहाच्या वेळी येऊन नावं ठेवतात. भाचा रविवारी डोंबिवलीहून येऊन नावं ठेवतो. जावई फोनवरून ठेवतात. म्हणजे खेळणारी एक आणि मतं सहा. मराठी माणसाला हे प्रमाण नवीन नाही. आमच्याकडे नाटकाला प्रेक्षक कमी आणि परीक्षक जास्त असतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी ‘तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?’ असं विचारायला नको. हा खेळ उत्तम आहे. तो वाईट आहे असं म्हणणारे चार पक्ष आहेत, आणि ते चारही पक्ष चार निरनिराळ्या कारणांनी चुकीचे आहेत.

मुळात हा प्रकार काय असतो ते सांगायला हवं, कारण टीकाकारांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेला नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी बिस्किट बुडवता बुडवता पाहिला आहे. पडद्यावर एक चित्र असतं. बंदर म्हणा, गुत्ता म्हणा, एखादं दुकान म्हणा. चित्रात एक माणूस उभा असतो. आपण माउसने बाण न्यायचा आणि एखाद्या वस्तूवर टिचकी मारायची. माणूस तिथवर चालत जातो, वस्तू बघतो, जमल्यास उचलून खिशात घालतो, आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. गोळीबार नाही, मोटारींची उडवाउडवी नाही. गोष्ट पुढे सरकायची तर डोकं चालवायचं. पूर्वी, म्हणजे १९८४ सालच्या ‘किंग्ज क्वेस्ट’सारख्या खेळात, ‘दार उघड’ वगैरे हुकूम टाइप करावे लागत. १९८७ साली लुकासफिल्मच्या ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’मध्ये क्रियापदंच पडद्यावर मांडून ठेवली. उघड, ढकल, ओढ, दे, उचल. टिचकी मारा आणि वाक्य तयार. त्याच रॉन गिल्बर्ट नावाच्या गृहस्थाने आपल्या मंडळींबरोबर १९९० साली ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ काढला. त्याचा नायक गायब्रश थ्रीपवूड. अंगात काही नाही, पण चाचा व्हायची भारी हौस. अशी मुलं प्रत्येक घराण्यात एक तरी असतात. आमच्यात ती नाटकात जातात.

पहिला पक्ष भाच्याचा. त्याचं म्हणणं, ‘‘मामा, यात काही होतच नाही.’’ हा मुलगा स्वतः जो खेळ खेळतो त्यात दर मिनिटाला पाच-पंचवीस माणसं मरतात, आणि त्याला मी ‘काय झालं रे?’ म्हणून विचारलं तर त्याला काही सांगता येत नाही. म्हणजे ‘काही होणं’ आणि ‘सांगण्यासारखं काही होणं’ यात फरक आहे. मंकी आयलंडमध्ये तलवारीची लढाई आहे, पण ती जिंकायची कशी? टोमणे मारून! समोरचा चाचा तुमचा अपमान करतो. त्याला चपखल उत्तर दिलंत तर त्याची तलवार मागे हटते, तोंड उघडं राहिलं तर तुमची. नवे टोमणे मिळतात कुठे? हरण्यातून. ज्याने तुम्हाला गार केलं त्याचंच वाक्य तुम्ही पाठ करता आणि पुढच्यावर वापरता. शेवटी जी तलवारबाजीतली उस्ताद बाई भेटते ती सगळे टोमणे वेगळेच मारते. तुमच्याकडची जुनी उत्तरं नव्या प्रश्नांना बसतात का ते तुम्ही ठरवायचं. आता तुम्हीच सांगा वाचकहो, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं याहून हुबेहूब चित्र कोणी काढलं आहे काय? फरक एवढाच, की सभेत हरणारा काही शिकत नाही.

दुसरं म्हणजे, या खेळात तुम्ही सहसा मरत नाही. हे भाच्याला कमीपणाचं वाटतं. गिल्बर्टने १९८९ सालीच लेख लिहून सांगितलं होतं, की असे खेळ कुठे कंटाळवाणे होतात आणि खेळणाऱ्याला उगाच मारून टाकण्यात काय अर्थ नाही. त्या काळी इतर कंपन्यांच्या खेळांत जरा चुकीचं पाऊल पडलं की मृत्यू. याने उलट केलं. गायब्रशला दहा मिनिटं श्वास रोखता येतो अशी त्याची बढाई आहे. एका ठिकाणी त्याला जड मूर्तीला दोरीने बांधून पाण्यात टाकतात. आसपास समुद्राच्या तळाशी दोरी कापायला हत्यारंच हत्यारं पडलेली, आणि सगळी हातभर अंतराने लांब. आमचा भाचा इथे येऊन अडकला. सात मिनिटं तो त्या हत्यारांपाशी झटापट करत होता. सौ. हातातली भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘अरे, मूर्तीच उचल ना!’’ त्याने टिचकी मारली. गायब्रशने मूर्ती उचलून खिशात घातली आणि वर चालत आला. उत्तर तेच होतं. भाचा त्यानंतर दोन रविवार आला नाही.

दुसरा पक्ष जावयांचा. ते इंजिनिअर आहेत, त्यामुळे त्यांचा आक्षेप तर्कशुद्ध आहे. ‘‘बाबा, या खेळांतली कोडी मूर्खपणाची असतात.’’ पुरावा म्हणून ते दोन वस्तू हजर करतात. एक, मंकी आयलंडमधली रबराची कोंबडी. तिच्या पोटात कप्पी बसवलेली आहे आणि ती तारेला अडकवून पलीकडच्या बेटावर घसरत जायचं असतं. दोन, १९९९ सालच्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मधली मिशी. त्यात नायकाला मित्राच्या नावावर मोटरसायकल भाड्याने घ्यायची असते. म्हणून मांजराचे केस जमवायचे, ते पाकाने ओठावर चिकटवून मिशी करायची. मित्राला मिशीच नाही. तेव्हा त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची! या मिशीवर जगभर इतकी टीका झाली, की हा खेळप्रकार तिनेच बुडवला असं म्हणणारे लोक अजून आहेत.

मिशीची बाजू मी घेत नाही. पण जावईबापूंना मी एवढंच विचारतो, की तुम्ही कचेरीत कधी गेला आहात का? मी एका कचेरीत पत्ता बदलायला गेलो होतो. तिचं नाव सांगत नाही. सगळ्या सारख्याच असतात. आमच्या गावाचं नाव माझ्या एका कागदावर इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिलेलं, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि विजेच्या बिलावर तिसऱ्याच. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, तिन्ही गावं एकच आहेत याचा दाखला आणा. दाखला देणाऱ्याने सांगितलं, आधी तुम्ही तिथे राहता याचा पुरावा आणा. पुरावा म्हणून मी तोच कागद दाखवला जो पहिल्या खिडकीने नाकारला होता. शेवटी झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने एक फॉर्म दिला, तो भरून चौथ्या खिडकीत दिला आणि काम झालं. कोंबडी, कप्पी आणि तार! ज्या देशात असं चालतं तिथे या खेळांना ‘अवास्तव’ म्हणणं हा कृतघ्नपणा आहे. उलट खेळातली कोडी दयाळू असतात. २०२२ च्या नव्या खेळात तर अडलात तर बघायला सूचनांचं पुस्तकच दिलं आहे, शिवाय सोपा आणि अवघड अशा दोन वाटा. कुठल्या कचेरीने तुम्हाला सोपी वाट विचारली होती?

तिसरा पक्ष सरांचा. हा सर्वांत जड, कारण तो चष्मा काढून बोलतो. ‘‘गोष्ट वाचायची असते. खेळ खेळायचा असतो. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही नासतं. मुलीला पुस्तक द्या.’’ सरांबद्दल मला आदर आहे. पण नातीला पुस्तकं दिली आहेत आणि ती वाचते. प्रश्न तो नाही. प्रश्न आहे तो ‘गोष्ट आणि खेळ वेगळे’ या विधानाचा, आणि ते विधान आमच्या स्वतःच्या घरातल्या मालाकडे पाठ फिरवून केलेलं आहे.

मोक्षपट घ्या. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. एकेक घर म्हणजे एकेक गुण किंवा दुर्गुण. सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाच्या तोंडी पडलात की खाली, आणि शेवटी मोक्ष. ही गोष्ट आहे की खेळ? साहेबाने तो विलायतेला नेला, हळूहळू त्यातला मोक्ष काढून टाकला आणि नुसती सापशिडी आपल्याला परत पाठवली. तेव्हापासून आपण समजतो, की खेळाला अर्थ नसतो!

वेताळ घ्या. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख १०६० सालचा. त्याच अकराव्या शतकात तिकडे काश्मीरात सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला आणि त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आल्या. आपल्याला त्या भेटल्या ‘चांदोबा’त. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि स्मशानातून चाललेला राजा, हे शंकर यांनी काढलेलं चित्र माझ्या पिढीतला कोण विसरेल? आता त्या गोष्टीचे नियम बघा. वेताळ कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं. बोललास तर मौन मोडलं, वेताळ पुन्हा झाडावर, आणि तू पुन्हा पहिल्यापासून. हा खेळ नाही तर काय आहे, सर? फक्त माउस नव्हता. सरांनी यावर ‘‘तो वेगळा विषय आहे’’ असं उत्तर दिलं आणि दुसरा चहा मागितला. टोमण्यांच्या लढाईत याला तलवार मागे हटणं म्हणतात.

चौथा पक्ष परदेशी आहे, पण त्याचं भांडण अस्सल आपल्यासारखं आहे. १९९१ साली दुसरा मंकी आयलंड निघाला. त्याच्या शेवटी, इतका वेळ समुद्रावर लढलेले नायक आणि खलनायक ही करमणूक-उद्यानात हरवलेली दोन पोरं निघतात. लोक चक्रावले. गिल्बर्ट पुढच्याच वर्षी कंपनी सोडून गेला. १९९७, २०००, २००९ साली दुसऱ्यांनी पुढचे भाग काढले, पण त्या शेवटाचं कोडं सुटलं नाही. मग २०२२ च्या १ एप्रिलला गिल्बर्टने जाहीर केलं, की मी नवा भाग करतो आहे. तारीख बघून बऱ्याच जणांनी हसण्यावारी नेलं. पण ते खरं निघालं. आणि चित्रं बाहेर आल्यावर ‘ही आमच्या आठवणीतली चित्रं नव्हेत’ म्हणून काही लोक इतके खवळले, शिवीगाळीपर्यंत इतके घसरले, की गिल्बर्टने खेळाबद्दल जाहीर बोलणंच बंद करून टाकलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती सांगायला माणूस उभा राहिला, आणि त्याला श्रोत्यांनीच गप्प बसवलं.

इथे मात्र माझा विनोद संपतो. चित्र आवडलं नाही, हे मत. ते शंभरदा सांगा. चित्र काढणाऱ्याच्या अंगावर धावून जाणं ही दांडगाई. आणि ‘आम्ही चाहते आहोत’ हे त्या दांडगाईचं समर्थन होत नाही. उलट लाज वाढते. आम्हा मराठी लोकांना हे परक्याने शिकवायला नको. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं तेव्हा नानांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला, ज्या संस्थेने नाटक बसवलं तिनेच ते थांबवलं, आणि कलावंतांना बाहेर पडून १९७३ साली थिएटर अ‍ॅकॅडमी काढावी लागली. नाटक तरलं. पण तरलं ते विरोधकांनी मत मांडलं म्हणून नव्हे. करणाऱ्यांनी मान खाली घातली नाही म्हणून. गोष्ट ऐकणाऱ्याला जांभई द्यायचा हक्क आहे, उठून जायचा हक्क आहे. सांगणाऱ्याचं तोंड दाबायचा नाही.

आता शेवटाबद्दल. ज्यांना तो कळू द्यायचा नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. सर, तुम्ही वाचलात तरी चालेल. नव्या खेळात गायब्रश ही सगळी कहाणी आपल्या मुलाला बाकावर बसून सांगतो आहे. आणि ते महागुपित? पेटीत एक टी-शर्ट निघतो! पुढे, तुम्ही काय पत्करता त्यावर शेवटाच्या छटा बदलतात. जावई म्हणाले, फसवणूक. भाचा म्हणाला, पैसे परत मागा. मी म्हणतो, आजवर कुठल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीच्या पेटीत याहून जास्त काही निघालं आहे? मूल पेटीसाठी ऐकत नाही. पेटीपर्यंतची वाट लांबावी म्हणून ऐकतं. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न ज्याला संपावासा वाटतो त्याने बातम्या वाचाव्यात.

एक तक्रार मात्र मलाही आहे, आणि ती या चारही पक्षांच्या डोक्यात आली नाही. आमच्या घरी हा खेळ तीन भाषांत चालतो. पडद्यावर इंग्रजी, नातीच्या तोंडी मराठी, आणि गुत्त्यातले चाचे तिने मालवणी केले आहेत, कारण तिच्या मते शिव्या न देता अपमान करणं त्या बोलीतच जमतं. सौ.ला इंग्रजी बेताचं. नात दमली की आजीची गोष्ट थांबते. मूर्ती उचलायचं शहाणपण जिच्याकडे आहे, तिला प्रश्न वाचून दाखवायला नात लागते! ही मला खेळातली खरी खोट वाटते.

आपल्याकडे हे करणारी माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी २०२० साली त्यांनी ‘राजी’ पुरा केला. सर्कशीत काम करणारी एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांकडून सोडवायला निघते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. त्याच्यावरही मतं दुभंगली. चित्रं सुंदर, पण मारामारी बेताची आणि शेवट तुटका, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. पडू दे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला, म्हणजे भाषा बदलता येते हे सिद्ध झालं. मग आमच्या भाषेचा नंबर कधी? की तोही तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेनंतर?

चाच्यांचीच गोष्ट हवी असेल तर ती कॅरिबियन बेटांवरून का आणायची? सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रज आपल्या कागदपत्रांत ‘चाचा’च म्हणत होते. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्या कुलाब्याच्या तटावर उभा राहून पडावावरच्या साहेबाला मराठीत एकेक टोमणा मारायचा, आणि योग्य टोमणा बसला की त्याचं जहाज एक वाव मागे, असा खेळ कोणी काढला तर माझा भाचासुद्धा बंदूक खाली ठेवील. शब्दांचा तुटवडा पडणार नाही. तो आमच्या सोसायटीच्या कार्यवृत्तात विपुल उपलब्ध आहे.

तेव्हा खेळ करणाऱ्या मराठी पोरांनो, आम्ही म्हातारे नावं ठेवणार, ती ठेवू द्या. गोष्ट करा, सावकाश चालणारी करा, आजीला वाचता येईल अशा अक्षरात करा. आणि कोड्यांसाठी अडलात तर चिखलोलीला या. पहिलं कोडं आमच्याकडे तयार आहे: चिखलोली खरोखर चिखलोलीतच आहे, हे चार खिडक्यांत सिद्ध करून दाखवा. सूचनांचं पुस्तक मिळणार नाही. झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा शोधावा लागेल.